सगळ्यांच्या मागचं तळं

आधी तिला कोपर ओळखू आलं. चेहरा त्यात नव्हताच. पडद्यावर एक शेततळं होतं, तळ्याच्या काठावर शाळेत शिक्षा झाल्यासारखा हात मांड्यांना चिकटवून उभा राहिलेला एक अर्जदार होता, आणि अगदी खाली, फोटो जिथे संपतो तिथल्या वाळक्या गवतावर फोटो काढणाऱ्याची सावली पडली होती. रुंद काठाची टोपी, एकीकडे कललेला खांदा, आणि चहाच्या किटलीच्या कानासारखं बाहेर आलेलं डावं कोपर. फायलीला ती बारा सेकंद देत असे. माणूस दिसतो का, पाणी दिसतं का, तारीख आहे का, की 'मान्य'. या वेळी अकराव्या सेकंदाला बोट बटणावर टेकलं होतं आणि तिथेच राहिलं. छातीत काहीतरी झरझर उतरलं. दूध उतरतं तसंच. क्षणभर तिला वाटलं दूधच असेल, बाळाची वेळ झाली असेल, म्हणून तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. वेळ व्हायला तास होता. मग हे काय उतरलं होतं, ते तिने पुन्हा पडद्याकडे बघितल्यावर कळलं. गवतावर बाबा पडले होते.

कामावर परत येऊन तिला अकराच दिवस झाले होते. पाच महिन्यांच्या रजेत तिच्या खुर्चीची उशी कोणीतरी पळवली होती, टेबलाचा खण कोणीतरी शेंगांच्या टरफलांनी भरून ठेवला होता, आणि साहेबांनी, "आलात? बरं झालं. बाळ कसं आहे? तीनशे बारा फायली आहेत," असं एका दमात विचारून सांगून टाकलं होतं. जिल्ह्याच्या अनुदान कचेरीचा तिसरा मजला, जिन्याच्या तोंडाशी छाननीचं टेबल. जिल्हाभरातल्या शेतांचे अर्ज आधी तिच्यापाशी येत, मग वर जात. यंदा शेततळ्यांचा हंगाम होता. योजना अशी की आधी शेतकऱ्याने स्वतःच्या खर्चाने, स्वतःच्या जमिनीत तळं खोदायचं, पाणी भरलं की काठावर उभं राहून फोटो काढायचा, आणि मग सरकार खर्चाचा वाटा परत देणार. "आधी पोहा, मग पाण्यात उतरा," असं शेजारच्या टेबलावरच्या मावशी म्हणायच्या. या मावशी म्हणजे कचेरीतलं सगळ्यात जुनं माणूस. त्यांच्याकडे शिक्का असे, म्हणून सगळे त्यांना शिक्केमावशी म्हणत, आणि त्या शिक्का अशा मारत की दोन टेबलं पलीकडचा चहा डचमळायचा.

सकाळपासून तिने किती फायली मान्य केल्या होत्या? तिने यादी मागे सरकवली. तिच्या माहेरच्या गावच्या चौदा होत्या आणि त्यातल्या सहा चहाच्या आधीच तिच्या हातून पुढे गेल्या होत्या. तिने त्या पुन्हा उघडल्या. पहिलीत किराणा दुकानदार, दुसरीत पाठीला पोक आलेले एक आजोबा, तिसरीत चकचकीत बूट घातलेला एक माणूस. बूट ओळखीचे वाटले म्हणून तिने नाव वाचलं, तर तो इथलाच, शहरातला दातांचा डॉक्टर. गेल्या वर्षी त्याने तिची अक्कलदाढ काढली होती आणि अक्कल जाणार नाही असं आश्वासनही दिलं होतं. माणसं चौदा, आणि तळं एकच. डाव्या काठावर बसलेल्या कोंबडीसारखा एक दगड होता, तो चौदाही फोटोंत अंड्यावर बसून होता. आणि चौदाही फोटोंत गवतावर किटली. काहींत लांबलचक, सकाळची, काहींत आखूड, दुपारकडची. म्हणजे दिवसभर उन्हात उभे होते तर, असं आधी तिच्या मनात आलं. टोपी होती हे बरं. आणि त्यानंतर, जरा उशिराच, आलं की हे सगळं खोटं आहे.

ऊन पाठीशी घे, माणसाच्या तोंडावर पडू दे, हे बाबांनी तिला सात वर्षांची असताना शिकवलं होतं. म्हणून तर त्यांची सावली पुढे पडे. आत, स्टुडिओत, हा प्रश्न नव्हता. गावातला एकुलता एक फोटो स्टुडिओ म्हणजे त्यांच्या घराची पुढची खोली. दोन दिवे, एक गोल स्टूल, आणि भिंतभर सोडलेला रंगवलेला पडदा. पडद्यावर निळंशार तळं, पलीकडे डोंगर, पाण्यात तीन हंस. तिसऱ्या हंसाला मान नव्हती. रंगाऱ्याचं आणि बाबांचं मजुरीवरून बिनसलं आणि तो हंस अर्धा ठेवून निघून गेला, असं आई सांगायची. बाबा म्हणायचे, मान पाण्यात आहे, मासा शोधतोय. गावाच्या चार कोसांत तळं नव्हतं. पण गावातल्या प्रत्येकाच्या घरी भिंतीवर तळं होतं. तळ्यासमोर आजोबा, तळ्यासमोर नवरा-बायको, तळ्यासमोर दहावी पास झालेला मुलगा, आणि सगळ्यांच्या मागे तोच मासा शोधणारा हंस. लहानपणी ती कोणाच्याही घरी गेली की हंस मोजायची. तिला कित्येक वर्षं वाटायचं की माणसाचा फोटो काढला की मागे आपोआप तळं येतं, सावली येते तसं. तिचाही होता फोटो, एक वर्षाची असतानाचा, स्टुलावर बसवलेली, केस ओले आणि चप्प बसवलेले. ते बसवले होते फणीकाकूंनी. स्टुडिओला लागून त्यांची खोली होती आणि फोटोला येणाऱ्या प्रत्येक पोराचे केस त्या पाण्यात बुडवलेल्या फणीने विंचरायच्या, बिनमोबदला, निव्वळ विस्कटलेलं डोकं बघवत नाही म्हणून. "डोळे मीट गं, फणी काही चावत नाही." तो गार पाण्याचा ओघळ मानेवरून पाठीत उतरायचा, तो तिला आत्ता, तिसऱ्या मजल्यावर, पंख्याखाली जाणवला. आजही ती बाळाचे केस विंचरते तेव्हा फणी आधी पाण्यात बुडवते. नवरा हसतो. त्या बाळाला केस आहेतच किती? सतरा.

"काय गं, झोपलीस की काय डोळे उघडे ठेवून?" शिक्केमावशी म्हणाल्या. "रात्री जागवतोय वाटतं चिरंजीव."

"नाही हो. मावशी, एक विचारू? एकच तळं चौघांनी दाखवलं तर?"

"चौघांनी? एवढंच? अगं, मी या टेबलावर असताना एक ट्रॅक्टर होता, तो अठ्ठावीस जणांकडे होता. ट्रॅक्टरला सुद्धा माहीत नसेल आपण किती जणांचे." त्यांनी धाडकन शिक्का मारला. "तळं राखील तो पाणी चाखील. जुनं आहे ते. तुला त्रास कशाचा होतोय? परत पाठव, नाहीतर पुढे पाठव. हातात धरून बसू नकोस, निवतं."

हातात धरून बसायचं नाही हे खरंच होतं. तीनशे बारांत चौदा, कोण बघणार? वर बसलेले तर नुसते आकडे बघतात. पुढे पाठवल्या तर चौदा माणसांच्या खात्यांत तळ्याचे पैसे पडतील, बाबांना कोणी काही विचारणार नाही, आणि ती रोज संध्याकाळी बाळाला मांडीवर घेऊन बसेल तेव्हा तिच्या मागे, भिंतीवर, एक तळं असेल. परत पाठवल्या, शेरा मारला, तर चौकशी, आणि चौकशीत पहिला प्रश्न, फोटो कोणी काढले. सत्तरीला आलेले बाबा साहेबांपुढे टोपी हातात घेऊन उभे आहेत असं तिला दिसलं, आणि टोपी काढल्यावर त्यांचं डोकं किती लहान दिसतं ते आठवलं. मोबाईल आले आणि स्टुडिओ बंद पडला, तेव्हा त्यांनी पडदा गुंडाळून माळ्यावर टाकला आणि पुढच्या खोलीत एक संगणक आणला. पाटी लावली: फोटो, अर्ज, झेरॉक्स. लोकांचे अर्ज भरून द्यायचे, फोटो काढून चढवायचे. "मी अजून माणसं उजेडात आणतोच," असं ते फोनवर म्हणाले होते. तिला तेव्हा ते फार आवडलं होतं. छाती आता खरोखरच जड झाली होती. तिने पिशवी उचलली, जिन्याखालच्या कागदांच्या खोलीत जाऊन, गठ्ठ्यांवर बसून, पंपाने दूध काढलं. चाळीस वर्षांचे जुने अर्ज तिच्याभोवती रचलेले होते. दोरीने बांधलेले, वाळवी लागलेले. मागणारी एवढी माणसं, आणि त्यांच्यामध्ये ती बाटलीत दूध भरत बसली आहे, याचं तिला एकाएकी हसू आलं. बाटली भरली. फाइल तिने त्या दिवशी हातातच धरून ठेवली. रविवारी माहेरी जाऊन येते, असं नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "अचानक?" ती म्हणाली, "बाबांची सावली बघावीशी वाटली." त्याने बाळाकडे पाहिलं, बाळाने त्याच्याकडे, आणि दोघांनीही पुढे विचारलं नाही.

गावची बस थांबते तिथून घर शंभर पावलांवर. बाबा पाटीखाली खुर्ची टाकून बसले होते. "अरे वा, मोठे साहेब आले," हे बाळाला होतं. त्यांनी बाळाला घेतलं, उजेडाकडे वळवलं, हनुवटी बोटाने जरा वर केली. आयुष्यभराची खोड. आई आतून म्हणाली, "आधी तिला पाणी तर द्या, फोटो नंतर काढा." पाणी पिऊन झाल्यावर तिने पिशवीतून कागद काढले. चौदा फोटो, कचेरीच्या छपाईयंत्रावर छापलेले, जरा हिरवट. जेवणाच्या टेबलावर तिने ते पत्त्यांसारखे मांडले. बाबा चष्मा लावून वाकले आणि त्यांचा चेहरा उजळला.

"सुरेख आलेत की! या आजोबांना हसवायला मला अर्धा तास लागला, माहितीये? म्हटलं, सरकार रडक्या माणसाला काही देत नाही."

"बाबा, हे एकच तळं आहे."

"हो मग. चांगलंय ना? त्या बाजूने डोंगर येतो मागे."

"चौदा जणांनी आपापलं म्हणून दाखवलंय."

"दाखवलंय म्हणजे?" ते खरोखर गोंधळले होते. "अगं, फोटो माणसाचा असतो. तळं मागे असतं. तीस वर्षं मी अख्ख्या गावाला एकाच तळ्यापुढे उभं केलं, तेव्हा कोणी विचारलं का, हंस कोणाचे म्हणून?"

तिने बसमध्ये पाठ केलेली सगळी वाक्यं, तुम्ही असं कसं केलंत, माझ्या नोकरीचा विचार केलात का, ही सगळी वाक्यं त्या एका वाक्यापुढे ओल्या फणीपुढच्या केसांसारखी चप्प बसली. लबाडी करणाऱ्या माणसाला रागावता येतं. पण हा माणूस लबाडी करत नव्हता, हा पडदा सोडत होता. आई मात्र दारातून म्हणाली, "मी सांगत होते. मी म्हटलं, अहो, हे सरकारी काम आहे, लग्नाचा अल्बम नाही. पण ऐकतंय कोण." "तू काही म्हणाली नव्हतीस," बाबा म्हणाले. "मनात म्हणत होते," आई म्हणाली.

"आणि हे तळं आहे तरी कोणाचं?" तिने विचारलं.

"फणीचं," बाबा म्हणाले. "म्हणजे, सगळ्यांचं. म्हणजे, चल, दाखवतो."

रान ओलांडून जाताना तिने बाळाला कडेवर घेतलं होतं आणि बाबा पुढे चालत बोलत होते. त्यांच्या बोलण्यातून हळूहळू उलगडलं ते असं. तळं आधी खोदायचं, पैसे नंतर. पण आधी खोदायला कोणापाशी काय होतं? मग फणीकाकू म्हणाल्या, प्रत्येकाने आपलं अर्धं खोदून ठेवण्यापेक्षा सगळे मिळून एक पुरं खोदू या. त्या कसतात ते शेत सगळ्यात सखल, पाणी आपोआप तिथेच येतं. नऊ घरं तयार झाली. पाच महिने, आठवड्यातून दोन दिवस, ज्याला जमेल तसं, कुदळी आणि घमेली. पाणी भरलं. आता नऊही घरं त्याच पाण्यावर भाजीपाला करतात, वार ठरलेले आहेत. आणि फोटोची वेळ आली तेव्हा जो तो बाबांकडे आला. "मग चौदा कुठून झाले?" "ते… कळलं लोकांना की फोटो छान येतात. बाहेरचेही आले. गिऱ्हाइकाला नाही कसं म्हणायचं? तो दातांचा डॉक्टर तर गाडीतून उतरला, उभा राहिला, गेला. मी विचारलं, तुमची जमीन कुठल्या बाजूला? म्हणाला, इकडेच असेल कुठेतरी." तिने मनातल्या मनात त्याच्या बुटांना चिखल लावला आणि तिला जरा बरं वाटलं.

आणि मग तळं दिसलं. फोटोंत ते कधी एवढं मोठं दिसलं नव्हतं. किंवा फोटोंत तिने ते पाहिलंच नव्हतं, पाणी आहे की नाही एवढंच पाहिलं होतं. तिरक्या कापलेल्या कडा, तळाशी अंथरलेलं काळं प्लास्टिक, त्यावर आभाळ. वाऱ्याने पाण्याला बारीक सुरकुत्या पडत होत्या आणि बाळाने तिच्या खांद्यावरून मान वळवून, आयुष्यात पहिल्यांदा एवढं पाणी एका जागी पाहून, श्वास आत ओढला आणि तो सोडायला विसरलं. कोंबडीचा दगड जागेवर होता. त्यावर फणीकाकू बसल्या होत्या.

"कोण गं ही? आमचं चप्पडोकं?" त्या उठल्या. वाळून बारीक झाल्या होत्या, पण हात तेच. हातांनी बाळाचं डोकं चाचपलं. "अरे देवा, हे काय डोकं म्हणायचं की कापसाचं बोंड?" आणि कमरेच्या पिशवीतून, शपथेवर सांगावं, फणी काढली. तळ्यात बुडवली. बाळाने ओघळाला चावायचा प्रयत्न केला, मग डोळे मिटले.

"काकू, तुमचा नाही दिसला अर्ज," ती म्हणाली. "तळं तुमच्या रानात, आणि यादीत तुम्ही नाही."

"माझा कसा दिसेल? मी गेल्या वर्षी तीनदा केला. तीनदा परत आला. जमीन दिराच्या नावावर, तो पंधरा वर्षं झाली गाव सोडून गेलाय, पत्राला उत्तर नाही. मी कसते, पण कागद नाही." त्या विंचरत होत्या, एकेक केस. "वर कचेरीत म्हणे एक बाई बसते. फार खडूस. उतारा जोडला नाही, परत. दोन शब्दांत. कधी म्हणून विचारत नाही, बाई, तुझं काय आहे ते."

पाण्यावर एक पान पडलं आणि गोल फिरलं. तिला ते अर्ज आठवले नाहीत, हेच सगळ्यात वाईट होतं. अर्जावर काकूंचं खरं नाव असणार. ते तिला कधी माहीतच नव्हतं. आणि कागदच नाही म्हटल्यावर फोटोपर्यंत गोष्ट गेलीच नसणार. बारा सेकंदसुद्धा लागले नसतील. चार. बाबांनी घसा खाकरला, टोपी काढली, पुन्हा घातली.

"काकू," ती म्हणाली, "ती खडूस बाई मीच."

फणीकाकूंचा हात थांबला. मग त्या एवढ्या हसल्या की बाळ दचकून रडायचंच बाकी राहिलं, आणि मग तेही हसलं. "तरीच! तरीच म्हटलं, एवढं टापटीप कोण नाकारतं! लहानपणी पण असंच, भांग वाकडा झाला की फोटोला बसायची नाही." त्यांनी डोळे पुसले. "जाऊ दे गं. पाणी आहे ना मला. पाणी काही यादी बघून येत नाही."

"पण पैसे यादी बघूनच येतात," ती म्हणाली, आणि स्वतःचाच आवाज तिला कचेरीतला वाटला नाही. पाण्यापलीकडे एक माणूस नळी ओढत होता. पोक आलेले आजोबा. त्यांना आपण त्या दिवशी अकराला मान्य केलं आहे, आणि ते खोदणाऱ्यांपैकी आहेत. दातांचा डॉक्टर अकरा वाजून एक मिनिटाने मान्य झाला, आणि तो कोणीच नाही. आणि जिच्या डोक्यातून हे तळं निघालं तिला मी तीनदा दोन शब्दांत घरी पाठवलं. नियम तिन्ही वेळा तोच होता. एवढी वर्षं तिला वाटायचं की आपण चाळणी आहोत, आपल्यातून खरं तेवढं खाली जातं. पण चाळणीला काय कळतं, तिला भोकं असतात एवढंच. तळं राखील तो पाणी चाखील म्हणतात मावशी. आणि खोदील तो? त्याच्याबद्दल कोणी म्हण का केली नाही? बाळ कडेवरून खाली, पाण्याकडे झुकत होतं आणि तिने त्याला घट्ट धरलं, आणि तशी घट्ट धरून उभी असतानाच तिला नियमांच्या पुस्तकातलं एकोणिसावं पान आठवलं. रजेवर जाण्याआधी, पोट टेबलाला लागायला लागलं होतं त्या दिवसांत, काम सुचत नव्हतं म्हणून तिने ते पुस्तक पहिल्या पानापासून वाचून काढलं होतं. एकोणिसाव्या पानावर गट अर्जाचा नमुना होता. कोऱ्या चेहऱ्याचा, कोणी कधी न वापरलेला. अनेक जणांचं एक तळं. खोदकामात कोण कोण होतं त्यांच्या सह्या. ज्याच्या नावावर जमीन नाही पण जो बारा वर्षं कसतो तोही चालेल, शेजारच्या दोघांनी लिहून दिलं तर. पैसे चौदा तळ्यांचे मिळणार नव्हते. एका तळ्याचे मिळणार होते, वाटून, आणि बांध पक्के करायला वरचा एक हप्ता. पण ते खरे असणार होते.

तिने ते सगळं तिथेच, उभ्या उभ्या सांगितलं. फणीकाकू ऐकत होत्या. बाबांनी मात्र एकच ऐकलं. "म्हणजे माझे चौदा फोटो वाया?"

"वाया कसे? चौदांचा एक काढायचा. सगळे एकदम."

"सगळे मावणार नाहीत."

"जे खोदत होते ते मावतील. नऊ घरांचे नऊ, आणि काकू."

बाबांनी बोटांवर नऊ मोजले. मग हळू आवाजात, गिऱ्हाइकासारखे, म्हणाले, "आपल्या घरचं माणूस धरून नऊ ना? आपलं घर नववं आहे. अर्ज केला नाही, माझा फोटो कोण काढणार? पण मी तीन महिने घमेली वाहिलीत." त्यांनी तळहात पुढे केले. फोटो धुण्याच्या औषधांनी पिवळी पडलेली ती बोटं तिला माहीत होती, त्यांच्या मुळाशी आलेले घट्टे तिला माहीत नव्हते. घरात भिंतीवर बाबांचा एकही फोटो नाही, हेही तिला तेव्हाच कळलं. सगळ्यांना उजेडात उभं करणारा माणूस सगळ्या फोटोंत फक्त गवतावर होता. एवढी वर्षं ती हंस मोजत होती.

माणसं गोळा व्हायला तास गेला. कोणी सदरा बदलून आलं, कोणी अनवाणीच. फणीकाकूंनी सगळ्यांना, आजोबांनासुद्धा, ओली फणी लावली. बाबा टोकाला उभे राहिले आणि सवयीने सगळ्यांना सूचना देऊ लागले, तेव्हा तिने म्हटलं, "बाबा, आज तुम्ही गिऱ्हाईक. गप्प उभे राहा." "ऊन पाठीशी घेतलंस ना?" "घेतलं." "बाळाला कोणापाशी तरी दे." "राहू दे, झोपलंय कडेवर." "मग हात हलेल—" "बाबा, कोपर खाली." त्यांनी कोपर खाली घेतलं आणि हातांचं काय करायचं ते न कळून, मांड्यांना चिकटवून, शाळेत शिक्षा झाल्यासारखे उभे राहिले. आजोबा म्हणाले, "हसा की आता, सरकार रडक्याला देत नाही." तिने उजव्या हाताने फोटो काढला.

सोमवारी ती साहेबांपुढे उभी राहिली आणि तिने सगळं सांगितलं. सहा फायली मी न बघता पुढे पाठवल्या, त्या परत मागवा, पैसे अजून सुटलेले नाहीत. चौदांमागे फोटो काढणारे माझे वडील आहेत. त्या गावचा एक नवा गट अर्ज येईल, तो माझ्या टेबलावर नको, दुसऱ्याला द्या. साहेबांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही बोलला नसतात तर हे कोणाला कळलं असतं?" "मला," ती म्हणाली. साहेबांनी पेन परत उचललं. मग म्हणाले, "लेखी खुलासा द्या. एक पान. दोन नको, मला वाचावं लागतं." खुलाशाबद्दल तिला एक ताकीद मिळाली, तीही लेखी, तीही एक पान. ती तिने घरी नेली. बाळाने तिचा कोपरा खाल्ला.

सरकारी काम अन् सहा महिने थांब म्हणतात. याला सात आठवडे लागले. दातांच्या डॉक्टरासकट बाहेरच्या सहाही जणांनी पुन्हा अर्जच केला नाही. पाहणीवाला गावी जाऊन तळं मोजून आला आणि नुसतं मोजून आला नाही, असं त्याची गुडघ्यापर्यंत दुमडलेली विजार सांगत होती. मग एका सकाळी फाइल शिक्केमावशींच्या टेबलावर आली. ती आपल्या पडद्याकडे बघत बसली, एका अनोळखी तळ्याकडे. हल्ली ती फायलीला तीन मिनिटं देत असे आणि साहेब त्यावर रोज एकदा सुस्कारा सोडत. मान न वळवता तिला मावशींचं मोजणं ऐकू येत होतं. "सात, आठ… ही नववी, उंच बाई, हिच्याकडे कागद नाही, पण शेजाऱ्यांच्या सह्या आहेत, ठीक. हा टोकाचा टोपीवाला कोण गं, असा घाबरलेला? चल, सहीशी जुळतोय. दहा." मग आवाज थांबला. "आणि ही खाली कोण?"

तिने वळून पाहिलं. फोटोच्या खालच्या कडेला, वाळक्या गवतावर, एक सावली पडली होती. एक खांदा कललेला, कंबर बाहेर, बाळाला धरलेल्या डाव्या हाताचं कोपर किटलीच्या कानासारखं बाहेर आलेलं, आणि खांद्यावर दुसरं, छोटं, गोल डोकं.

"दोन डोक्यांची आहे," मावशी म्हणाल्या. "अर्जात नाही ही."

"नाही," ती म्हणाली. "ती फक्त फोटो काढणारी."

शिक्केमावशींनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं. मग शिक्का उचलला, शाईत दाबला, आणि मारायच्या आधी कागद अर्धा वळवून घेतला, शिक्का त्या छोट्या डोक्यावर पडू नये म्हणून. त्या दिवशी कोणाचाच चहा डचमळला नाही.